पायांचा रंग

२००९ साल. मी तेव्हा सत्तावन्न वर्षांचा आणि तो पन्नाशीला टेकलेला. वसईजवळच्या गास गावाच्या पुढं खाडीला लागून आमचं मिठागर आहे, त्याच्या बांधावर मी त्याची गचांडी धरली होती. आमची ओळख अशी झाली. पुढं कोणी विचारलं की मी हेच सांगायचो, आणि तो शेजारी उभा राहून म्हणायचा, "गचांडी नाही तात्या, फक्त कॉलर." माणूस असा. दुसऱ्याचं बोलणं दुरुस्त केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

चूक आमची होती, कबूल. डोक्याला टोपी, गळ्यात दुर्बीण, हातात वही, आणि बोट पुढं करून आकडे पुटपुटतोय, म्हटल्यावर आम्ही काय समजायचं? बिल्डरचा माणूस जागा मोजायला आला. त्याच्या आधी असे दोघं येऊन गेले होते. मी त्याची वही हिसकावली आणि वाफ्यात फेकली. तो भांडला नाही. बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, खाऱ्या पाण्यात उतरून वही उचलली आणि पुन्हा एकपासून मोजायला लागला. समोर लाल लांब पायांचे शेकाटे उभे होते.

"पाखरं मोजतंस? कोनासाठी?" मी ओरडलो.

"कोणासाठी नाही. किती आहेत ते कळायला नको?"

त्या दिवसापासून आगरात त्याचं नाव मोजणीवाला पडलं. वसईला फ्लॅट, मुंबईत सरकारी कचेरीत नोकरी, मूळचा सोलापूरकडचा. दर रविवारी स्कूटर घेऊन हजर.

त्याची मोजायची रीत ऐका. तीनदा मोजायचं आणि सगळ्यांत कमी आकडा वहीत लिहायचा. माझं डोकं फिरायचं. "मंग जास्तीचे दिसले ते काय खोटे?" तर म्हणे, "एखादा उडून परत बसला असेल, तात्या. आहे त्याच्यापेक्षा जास्त लिहायचं नाही." मला तो कंजूषपणा वाटायचा. अजून वाटतो.

दुसरी त्याची खोड याहून वाईट. त्याच्याबरोबर शहरातली पोरं यायची, हाताएवढाले कॅमेरे घेऊन. समोरून काही भुर्रकन गेलं की पोरं विचारायची, "सर, काय होतं?" आणि हा सगळ्यांसमोर बिनदिक्कत सांगायचा, "मला दिसलं नाही." एकदा मी म्हटलंच, "एवढी वर्सं डोल्यांना नली लावतंस, आनि चारचौघांत नाय दिसला म्हनतंस? लाज नाय वाटत?" तो हसला. "दिसलं नाही तर दिसलं नाही म्हणायचं. तेवढं जमलं की बाकीचं सगळं जमतं." मला ते मास्तरी बोलणं आवडलं नाही. मी तिसरीतून शाळा सोडली ती असल्याच बोलण्यामुळं.

एका वर्षी शेकाट्यांनी एका वाफ्याच्या मधल्या बांधावर अंडी घातली. उधाणाला मी उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं दार, उघडणार होतो. हा सकाळी सकाळी येऊन उभा. "तात्या, तेवढा एक वाफा तीन आठवडे कोरडा ठेवा." मी त्याला बापावरून शिव्या घातल्या. त्याचं आगर नाही, त्याचं मीठ नाही, आणि हुकूम मला. वाफा मी कोरडा ठेवला. पण त्याच्यासाठी नाही. त्या वाफ्याचा बांध तसाही डागडुजीला आला होता.

नऊ-दहा वर्षं अशी भांडत गेली. मग ती थंडीतली सकाळ आली. रविवार होता, तो यायच्या आधी अर्धा तास मी एकटा बांधावर होतो. पाण्यात एक काळं-पांढरं पाखरू दिसलं. चोच वर वळलेली, मोच्याच्या आरीसारखी. जन्म आगरात गेला, पण तसलं पाखरू मी पाहिलं नव्हतं. मला बघून उडालं आणि धुक्यात गेलं. मोजणीवाला पोरं घेऊन आला तसं मी सांगितलं. त्याचे डोळे मोठे झाले.

"उचाट्या म्हणतात त्याला. या आगरात मी कधी पाहिला नाही. पाय कसल्या रंगाचे होते?"

खरं तर पाखरू पोटापर्यंत पाण्यात होतं, आणि उडालं ते माझ्या तोंडावर उन्हाची तिरीप असताना. पाय मला दिसलेच नव्हते. पण दहा पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी ठोकून दिलं, "लाल."

"लाल पाय शेकाट्याचे. उचाट्याचे निळसर असतात." त्यानं वही मिटली. एक पोरगा फिस्सकन हसला.

"माजा शबूद तुज्या वहीत मावत नाय का रं?" मी विचारलं.

"तसं नाही, तात्या. पण लाल पायाचा उचाट्या मी कसा लिहू?"

मी त्याला बांधावरून खाली उतर म्हटलं आणि पुन्हा पाय ठेवू नको असं बजावलं. दोन शब्दांचं काम होतं, 'दिसले नाहीत', आणि त्यानं मुकाट लिहून घेतलं असतं. ते मला तेव्हाच ठाऊक होतं. म्हणूनच जास्त राग होता.

दोनदा तो परत आला. बांधाच्या त्या टोकाला उभा राहायचा. "तात्या, एकच विचारायचं होतं."

"वहीला इचार."

दोन्ही वेळा हसला आणि गेला. मग कोणीतरी सांगितलं, आजारी आहे. मी गेलो नाही. त्यानं यावं, अशी माझी अट होती.

गेल्या महिन्यात तो गेला. शोकसभेला हॉलमध्ये तीच पोरं, आता पोट सुटलेली. एकानं भाषणात सांगितलं, सरांनी इथले हजारो पक्षी मोजले. हजारो! तो असता तर तिथंच उठून कमी आकडा सांगितला असता. मी चहा न घेता निघालो. दारात वहिनींनी, त्याच्या बायकोनं, हातात वही ठेवली. पाण्यात पडून फुगलेली नव्हे, नंतरची. "या पानात दोरा घालून ठेवला होता त्यांनी. तुमचं आहे म्हणाले."

घरी येऊन अक्षर अक्षर लावत वाचलं. वर तारीख, भरतीची वेळ. खाली लिहिलं होतं: 'वर वळलेल्या चोचीचा एक पक्षी. पाहणारे तात्या. पाय लाल सांगतात. रागात आहेत. पुन्हा विचारायचं.'

त्याच्याखाली अर्धं पान कोरं. कागद वाया घालवणारा माणूस नव्हता तो. बसच्या तिकिटामागं आकडे लिहायचा. मला इतका संताप आला की वही चुलीत घालावी. मरतानासुद्धा हा माझ्यासाठी जागा सोडून गेला आणि उत्तर द्यायचं काम माझ्या गळ्यात मारलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी आगरावर गेलो, त्याच बांधावर बसलो. वही मांडीवर घेतली, नातीचं पेन मुठीत धरलं, आणि त्या कोऱ्या जागेत लिहिलं, 'पाय पान्यात होते. दिसले नाय.'