सुगीच्या सणाचा तांदूळ शिजवणारे शांतवनकाका

शांतवनकाकांना आज "देवमाणूस" म्हणणाऱ्यांनी आधी तोंड धुवून यावं.

सकाळपासून बघतेय. ग्रुपवर मेणबत्त्या, कबुतरं, हात जोडलेले इमोजी. आणि ज्यांनी त्यांना भर मंडळीसमोर खाली मान घालून उभं केलं, त्यांचेच मेसेज सगळ्यात लांब.

ज्यांना काका माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. काका आमच्या चर्चचे शिपाई; नात्यातले नव्हेत, पण मला सूनबाई म्हणायचे. झाडणं, बाकं पुसणं, घंटा वाजवणं. आज पहाटे घरीच वारले. वय झालं होतं, दमा होता.

मागच्या पावसाळ्यात आमच्या पाथर्डीकडे पूर आला.
आमच्याकडे! जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतो तिथे.

नदीकाठची खालची आळी सकाळी सकाळी कमरेइतक्या पाण्यात. आमचं चर्च उंचावर. पक्कं छत, मोठा हॉल, संडास, पाण्याची टाकी, सगळं आहे.

पण दुसऱ्या दिवशी रविवारी सुगीचा सण होता. आमच्यात लोक शेतातलं, घरातलं आणून वेदीपुढे मांडतात आणि उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. कांदे, डांगर, गूळ, बायकांनी वर्षभर मूठमूठ बाजूला काढलेला तांदूळ, सगळं येऊन पडलं होतं. हॉलला नवी फरशी. मोठे पाहुणे यायचे होते.

काकांनी चर्च कमिटीच्या सेक्रेटरींना फोन लावला. मी शेजारीच होते, स्पीकर चालू होता.

"साहेब, माणसं भिजत्यात. हॉल उघडू का?"

"घाई करू नका. कमिटी बसू दे, ठराव होऊ दे. आणि आपले किती, बाहेरचे किती, त्याची यादी करा."

"भिजल्यावर समदी सारखीच दिसत्यात साहेब. यादी कशी करू?"

फोन ठेवला आणि कुलूप काढलं.

खालच्या आळीतली सखूबाई दारातच थांबली. माळकरी बाई, चर्चची पायरी कधी चढली नव्हती.
"काका, चपला कुठं काढू?"

पायात चपलाच नव्हत्या. वाहून गेल्या होत्या.

"ये तशीच आत," काका म्हणाले. "मी पन अनवानीच हाय."

दुपारपर्यंत हॉल भरला. रस्ता बंद, लाईट नाही, बाहेरून काही येण्याची आशा नाही. लेकरं भुकेनं रडायला लागली. काका वेदीपुढे गेले आणि तांदळाच्या पोत्याला हात घातला.

आता माझं ऐका. मी त्यांना अडवलं.

"काका, हे देवाला वाहिलेलं. लिलावाच्या आधी हात लावता येत नाही."

रोज गुडघे टेकून प्रार्थना करणारी मी. हे बोलले.

"सूनबाई, या लेकरांना इचार, बोली लावत्यात का. न्हाईतर चूल पेटव."

पेटवली.

चार दिवस खिचडी, डांगराची भाजी, गुळाचा चहा. खिडक्यांचे पडदे काढून बायकांना आडोसा केला. कोरडे कपडे संपले तेव्हा काकांनी गायनमंडळाचे पांढरे झगे वाटले. सखूबाई झगा घालून म्हणाली, "आता मला गानं पन म्हनायला लावता का काय?" त्या चार दिवसांत पहिल्यांदाच हॉल हसला.

पाणी उतरलं. लोक घरी गेले.

मग कमिटी बसली. आता बसली!

सण बुडाला. पाहुणे आले नाहीत. फरशीला डाग. "अर्पण परवानगीशिवाय वापरले," म्हणून काकांनी माफीनामा द्यावा असं ठरलं.

काकांना लिहिता येत नव्हतं.
तो माफीनामा मी लिहिला. माझं अक्षर चांगलं म्हणून मला सांगितलं. काकांनी खाली अंगठा दिला.

रविवारी सेक्रेटरींनी तो वाचला. काका पुढे उभे होते. एकही माणूस उठला नाही. मीही नाही. माझे मिस्टर कमिटीत आहेत, म्हणून पदर सावरत बसून राहिले.

बाहेर पडताना काका म्हणाले, "अक्षर लई सुंदर हाय सूनबाई तुजं."
टोमणा नव्हता हो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात आपण शिबिर भरवलं. "आपत्तीकाळात मंडळीची भूमिका." प्रोजेक्टर, फाईल, नाश्ता, शहरातले वक्ते. खुर्च्या कोण लावत होतं? काका. धापा टाकत. आख्ख्या हॉलमध्ये ज्या एका माणसाने ते काम केलं होतं, त्याला कुणी दोन शब्द विचारले नाहीत.

मी विचारलं, नाश्त्याच्या ताटल्या गोळा करताना. म्हणाले, "खालच्या आळीत कुनाला चालता येत न्हाई, ते आधी म्हाईत पायजे. सरपन उंचावर ठेवायचं. आन् दार उघडायला कुनाला इचारायचं न्हाई."

झालं शिबिर. फुकटात.

उद्या अकराला दफन आहे. सखूबाईची आख्खी आळी येणार आहे. त्यांना मांडवात बसवायचं चाललंय म्हणे, गर्दी होईल म्हणून. खबरदार. ती माणसं आत, पुढच्या बाकांवर बसतील.

आणि सेक्रेटरीसाहेब, येताना तो माफीनामा लावलेली कमिटीची फाईल आणा. आठवणी सांगायच्या वेळी मी उठणार आहे. सगळ्यांसमोर सांगणार आहे की काकांची काही चूक नव्हती, आणि तो कागद माझ्या हाताने फाडणार आहे. तोवर पेटी उचलू देणार नाही.

मिस्टरांना सांगितलंय. जेवले नाहीत. ताट झाकून ठेवलंय.

काका, तेव्हा उठायला हवं होतं. मला माफ करा.
तुमच्या सूनबाईचा तुम्हाला अखेरचा सलाम.