सल्ल्याचा चहा

बातमी आली तेव्हा मी कोहमाऱ्याच्या फाट्यावर गोरेगावकडं जाणाऱ्या एसटीची वाट बघत उभी होते. फोन हेमराजभाऊंचा. हे इटियाडोह धरणाच्या बाजूला मासेमारांच्या सोसायट्यांसोबत काम करतात, आणि एरवी त्यांचा फोन आला की पाण्याची पातळी, मासळीचा भाव, घरच्या म्हशीची तब्येत असं सगळं झाल्याशिवाय मूळ मुद्दा येत नाही. त्या दिवशी म्हणाले, "मंगलताई, पुष्पाताई गेली." एवढंच. ट्रक धडधडत चालले होते. मी "बरं" म्हटलं. का म्हटलं, अजून कळलेलं नाही. मी पुष्पाताईंकडेच तर निघाले होते... पिशवीत फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकरी होती. दुखण्यानं त्यांचं जेवण सुटलं होतं, पण माझ्या हातच्या भाकरीचा तुकडा मोडायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्याकडची ही कडक भाकर चावता येते तंवर माझी काही काळजी करू नको."

त्याआधीच्या भेटीत त्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. नागपूरच्या दवाखान्याच्या वाऱ्या करून आवाज बारीक झाला होता, पण नजर तीच, समोरच्याला बोलतं करणारी. म्हणाल्या, "या महिन्याची गटाची बैठक तू चालवजो." माझ्या हाताला घाम फुटला. म्हटलं, ताई, मला नाही जमायचं. "काऊन?" मी कारणं सांगायला लागले. मी आठवीत शाळा सोडलेली, दहावी मागाहून बाहेरून केलेली, इकडची नाही, तिथं सगळे शिकलेले, मला चारचौघांत बोलताना घशाला कोरड पडते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी मागितलं, दोन घोट प्यायल्या आणि पुन्हा तेवढंच विचारलं, "हो, पन काऊन?" उठताना "बघू" म्हणाले. त्या "काऊन"चं उत्तर मी देणं लागत होते, आणि ते घ्यायला त्या थांबल्या नाहीत.

मी मूळची सांगोल्याकडची. आमच्याकडं ज्वारी-बाजरी, आणि भात म्हणजे पाहुणा आला तर. नवरा जेसीबी चालवतो, हायवेच्या कामावर इकडं आला, त्याच्यामागं मी. घरात बसून भिंती खायला उठायच्या म्हणून एका लहान संस्थेत कामाला लागले. गावात आयांच्या बैठका घ्यायच्या, लेकरांच्या खाण्यापिण्याचं सांगायचं. काम मिळालं खरं, पण ते कसं करायचं हे कोण शिकवणार? मोठी ट्रेनिंगं नागपुरात, हॉटेलात, आणि तिथं जायचं साहेब लोकांनी. पुष्पाताई गोरेगावच्या एका महिला संस्थेत फार वर्षं होत्या. त्यांनी इकडच्या तिकडच्या संस्थांत गावोगाव फिरणाऱ्या आमच्यासारख्यांना गोळा केलं. "साहेबाले साहेब शिकवते, आपल्याले आपनच शिकवू," असं त्यांचं म्हणणं. महिन्यातल्या एका बाजाराच्या दिवशी गोरेगावच्या समाजमंदिरामागच्या खोलीत आम्ही बसायचो. बाजाराच्या दिवशी एसटीला गर्दी असली तरी गाडी मिळते, आणि घरी जाताना भाजीही होते.

गटाचा नियम एकच. एकानं आपल्या कामातली अडचण मांडायची आणि बाकीच्यांनी फक्त विचारायचं. सांगायचं काहीच नाही. ज्याच्या तोंडून सल्ला निघाला त्यानं उठायचं, स्टोव्ह पेटवायचा, सगळ्यांना चहा करून द्यायचा आणि गंजही त्यानंच घासायचा. गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. ताईंनी घरून आणलेला, जर्मनचा, बुडाला काळाकुट्ट, एका बाजूला पोचा आलेला. मला आधी हा पोरखेळ वाटला. पण करून बघा एकदा... समोरचा माणूस अडलाय, आपल्याला उत्तर माहीत आहे असं वाटतंय, आणि तोंड मिटून बसायचं! हेमराजभाऊंना तर ते कधीच जमलं नाही. "माझं ऐकाल तं..." एवढं ते बोलले की सगळे एका सुरात ओरडायचे, "चाय!" बिचारे हात जोडत उठायचे. "अरे, मी सल्ला कुठं दिला, मी तं भूमिका मांडून राहिलो होतो." ताई म्हणायच्या, "भूमिकेत साखर कमी टाकजो." वर्षानुवर्षांच्या शिक्षेनं हेमराजभाऊंचा चहा इतका सुधारला, की ते आले नाहीत तर लोक हळहळायचे. ताईंची एक इच्छा मात्र राहिली होती. "एक बैठक बिनचायची झाली पायजे," म्हणायच्या. "त्या दिवशी समजीन का आपुन ऐकाले शिकलो."

माझी पाळी आली तेव्हा मी रडकुंडीला आले होते. माझ्या गावात आयांनी बैठकीला येणं बंद केलं होतं. मी दुपारी जाऊन अंगणवाडीच्या ओट्यावर बसायचे आणि समोर एखादी म्हातारी, एखादं कुत्रं. वाटायचं, मी परकी, माझी बोली वेगळी, यांना मी नको आहे. ते सगळं गटात बोलले. ताईंनी विचारलं, "बाया दुपारी कुठं रायतेत?" रोवणीला, म्हटलं. "रोवनी कशी करतेत, सांग बरं." सगळ्या जिल्ह्याचं पोट ज्या भातावर चालतं तो लावतात कसा, हे मी बांधावर उभी राहूनसुद्धा पाहिलेलं नव्हतं. "तू गेलीस का कधी बांधीत?" नाही. "काऊन?" मला येत नाही ते. "मंग कोनाले शिकव म्हटलं का?" यावर मी चटईचा धागा उपसत बसले, आणि आश्चर्य म्हणजे त्या खोलीतलं कोणीही मध्ये बोललं नाही. हेमराजभाऊंनी तर तोंडावर रुमाल धरला होता.

दुसऱ्या दिवशी मी साडी खोचून बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरले. चौथ्या पावलाला चिखलात बसले. त्या बाया हसल्या, अहो काय हसल्या! एक जण म्हणाली, "हे मॅडम आमच्या लेकरायले का खाऊ घालाचं ते सांगते, आन् हिले पऱ्हं धराचं माहीत नाही." दुसरीनं माझ्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे भाताच्या रोपांची, जुडी दिली, अंगठा कसा दाबायचा ते दाखवलं. कमरेचे तुकडे पडले, पण वाकून पुढं सरकता सरकता त्या बोलायला लागल्या. लेकरांचं, दुधाचं, सासूचं, सगळंच. तेव्हापासून रोवणीच्या दिवसांत माझी बैठक धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, शिदोरीच्या वेळी. ताई मला "बांधीत जा" असं सांगू शकल्या असत्या. मी गेलेही असते, सांगितलं म्हणून. पण मग त्या बायांसमोर "मला शिकवा" हे माझ्या तोंडून कधी आलं नसतं.

त्यांनी स्वतः नियम मोडलेला मी एकदाच पाहिला. आमच्या संस्थेत ठरलं, गावात काम करणाराही निदान दहावी पास पाहिजे. मी कोणाशी भांडणारी नव्हे. मनातल्या मनात सामान बांधलं आणि बैठकीत सांगितलं, की मी निघते, गावी जाते, तुम्ही सगळ्यांनी फार केलं. सगळे प्रश्न शोधत होते. ताईंच्या तोंडून एकदम निघालं, "कुठं नाही जायाचं तुले. परीक्षा दे." हेमराजभाऊ घाबरतच म्हणाले, "ताई... सल्ला झाला." "माहीत हाये मले," म्हणत त्या उठल्या आणि पाठ फिरवून स्टोव्हला पंप मारायला लागल्या. तो चहा मी विसरणार नाही. साखर जास्त झाली होती. मी साहेबांकडं परीक्षेपर्यंतची मुदत मागितली, त्यांनी दिली, बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. गणित हेमराजभाऊंनी शिकवलं, तेही सगळं प्रश्न विचारून. निकाल लागला तेव्हा ताईंनी बाजारात मटार निवडत असलेल्या अनोळखी बाईला थांबवून सांगितलं होतं, "हे आमची मंगल, दहावी झाली!" ती बाई बिचारी "बरं झालं बाई" म्हणून गेली. मी लाजले. आज वाटतं, आयुष्यात कोणी आपलं असं नाव सांगावं, यापेक्षा जास्त काय हवं असतं?

ताई गेल्यानंतरच्या बैठकीला मी लवकर पोचले. चटया टाकल्या, त्या उचलल्या, पुन्हा टाकल्या. वाटत होतं कोणी येऊच नये, आणि कोणी आलं नाही तर काय, याचीही भीती. पण सगळे आले. कोणाकडून तरी सुरुवात व्हायची म्हणून मी म्हटलं, "आज अडचण कोण मांडतंय?" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. हेमराजभाऊ म्हणाले, "मी. ताई नाही. आता हा गट चालवाचा का बंद कराचा?"

माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, की बंद नाही करायचा, काय बोलता भाऊ! ते मी गिळलं. विचारलं, "तुम्ही पहिल्यांदा इथं कशासाठी आला होता?" मग दुसऱ्या कोणी विचारलं, तिसऱ्यानं विचारलं. हेमराजभाऊ बोलत गेले. सोसायटीतल्या भांडणात ते एकटे पडले होते तेव्हाचं, इथं येऊन रडले होते तेव्हाचं. बोलता बोलता थांबले, चष्मा पुसला. "बंद करून मी जाऊ कुठं?" हे त्यांनी स्वतःलाच विचारलं. बाहेर बाजार उठत आला होता. मग एकेकाच्या नजरा कोपऱ्याकडं गेल्या. गंज पालथाच होता. कोणी सल्ला दिला नव्हता. एकानंही नाही. बिनचायची बैठक झाली होती आणि ती बघायला... ताई नव्हत्या. पण सगळ्यांच्या माना जरा ताठ झालेल्या मी पाहिल्या. माझीसुद्धा.

तेवढ्यात हेमराजभाऊ गुडघ्यावर हात टेकून उठले. "मंगलताई, यापुढं हा गट तूच चालवजो. हा सल्ला हाये, सगळ्यायनं ऐकून घ्या," असं म्हणून त्यांनी गंज सुलटा केला आणि पाणी ओतलं. मी "मला नाही जमायचं" म्हणणार होते. पण पुढचा प्रश्न काय येईल ते मला माहीत होतं, आणि या वेळी माझ्याकडं एकही कारण शिल्लक नव्हतं. मी कप मांडायला घेतले.

तो गंज आता माझ्याकडं असतो. घासून घासूनही बूड काळंच आहे. बाजाराच्या त्या दिवशी मी तो पिशवीत घालते, वर फडक्यात भाकरी ठेवते आणि कोहमाऱ्याच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभी राहते. अजून हाताला घाम येतो. गाडी आली की पिशवी पोटाशी धरून चढते, पोचा माझ्या बाजूला येईल अशी.