फर्माईश न घेणारा बँड

रोह्यात एक बँड आहे. नाव मी लिहीत नाही. लिहिलं तरी तुम्ही ऐकलेलं नसणार, आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते ती नेमकी याच गोष्टीने. पेणपासून रोह्यापर्यंत कुणालाही विचारा, "अमका बँड ऐकलाय का हो?" तर माणूस म्हणतो, "कुठला? तो हळदीला वाजवतात त्यांतला?" म्हणजे हळदीला वाजवणारे शंभर आणि त्यांतलाच हाही एक! मी तिथेच रस्त्यात तावातावाने सुरू होतो. मग बायको कोपराने ढोसते. "पुरे झालं. माणसाला एसटी पकडायची हाय."

बँडमध्ये चौघंजण. चौघांचीही हयात धाटावच्या केमिकल कंपन्यांत गेली, आता दोघं रिटायर झालेत. एक बेंजो वाजवतो. एक ढोलकी आणि साइड ड्रम सांभाळतो. तिसऱ्याकडे तेलाचा रिकामा डबा, शिट्टी, सायकलची घंटी असलं सगळं भंगार असतं, आणि त्या भंगारातून तो काय काय काढतो ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. चौथा गायक. त्याला आम्ही दादा म्हणतो. गाणी तोच लिहितो, चाली तोच लावतो.

आणि गाणी तरी कशावर? धरमतरच्या खाडीतला एक डास नशीब काढायला मुंबईला जातो आणि तिथल्या धुराने खोकत परत येतो, त्याच्यावर. चुकून भलत्याच मांडवात शिरून, पोटभर जेवून, वर आहेरही करून आलेल्या पाहुण्यावर. तिसऱ्या शिफ्टवरून घरी आलेला नवरा आणि पहिल्या शिफ्टला निघालेली बायको दोघं दारात भेटतात, त्याच्यावर. या शेवटच्या गाण्यात पहिली दोन कडवी माणूस हसतो आणि तिसऱ्याला गप्प होतो. निदान आम्ही तरी होतो.

आम्ही म्हणजे मी आणि माझा मित्र. माझा पेणला गणपतीचा कारखाना आहे, छोटासा, वडिलांपासूनचा. मित्र खाडीकडचा, त्यांचं पूर्वी मिठागर होतं, आता तो टेम्पो चालवतो. मिसरूड फुटल्यापासून आम्ही दोघं या बँडच्या मागे आहोत. कुणाच्या लग्नाचं आमंत्रण नसताना केवळ हे वाजवणार म्हणून आम्ही हळदी गाठल्यात. मधल्या काळात मित्राने त्यांची गाणी मोबाइलवर टाकली. ती जेवढ्या वेळा बघितली गेली, त्यातल्या निम्म्या वेळा मी बघितली होती आणि निम्म्या वेळा त्याने.

नाद लागला तो आमच्या कारखान्यातच. त्यांच्या आळीचा गणपती न्यायला हे चौघं आले होते. मूर्तीचे डोळे आम्ही सगळ्यात शेवटी करतो, आखणी म्हणतात त्याला. तेव्हा आखणी फक्त वडील करायचे, श्वास रोखून. दादा मागच्या फळीवरच्या डोळे नसलेल्या मूर्तींपुढे जाऊन उभा राहिला तो हलेचना. वडील वैतागले. "मूर्ती न्यायची हाय का नुसती नजर लावायची हाय?"

पुढच्या वर्षी तो आला तो गाणं घेऊनच. मागच्या फळीवर एक गणपती बसलाय, त्याची आखणीची पाळी काही येत नाही. त्याला दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. कॉम्प्रेसरची घरघर, पॉलिश पेपर घासत बसलेल्या बायकांची थट्टामस्करी, मालकाच्या शिव्या. तो म्हणतो, बाबांनो, जग एवढंच असेल तरी काय वाईट नाय. शेवटच्या कडव्यात ब्रश जवळ येतो, डोळा उघडतो आणि देवाला पहिल्यांदा दिसतं ते काय, तर समोर श्वास रोखून बसलेला एक दमलेला माणूस. अंगणात डब्यावर ठेका धरून त्याने ते म्हटलं. वडिलांनी तोंड फिरवलं आणि मी तर सरळ रडलो. त्यात लाज कसली!

तेव्हापासून माझं एकच मागणं होतं. हे गाणं पेणच्या माणसांनी पेणमध्ये, स्टेजवरून ऐकावं. जिथे दर दुसऱ्या घरात कुणाच्या तरी केसात मातीची नाहीतर प्लास्टरची भुकटी असते, त्या गावावर एवढं गाणं कुणी लिहिलं, आणि गावालाच पत्ता नाही! हे मला सहन होत नव्हतं.

बरं, दोष सगळा गावाचा म्हणावा तर तसंही नाही. हे चौघं स्वतःच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे. एक तर फर्माईश घ्यायची नाही, हा नियम. दुसऱ्याचं गाणं वाजवायचं नाही, हा दुसरा नियम. हळदीत लोकांना काय पाहिजे असतं? नाचायला पाहिजे असतं. हे आपले डासाचं गाणं लावून बसणार. एकदा नवऱ्या मुलाच्या मामाने दादाच्या खिशात नोट खोचली आणि एका चालू गाण्याची फर्माईश केली. दादाने नोट काढली, मामाच्याच खिशात परत खोचली आणि चुकीच्या मांडवातल्या पाहुण्याचं गाणं लागोपाठ तीनदा म्हटलं. मामाला ते लागलं. मग काय, सामान आवरून बाहेर! त्यात शिफ्टचं रडगाणं वेगळंच. कार्यक्रम रंगात आला की ढोलकीवाला घड्याळ बघून उठायचा आणि कंपनीची बस पकडायला पळायचा. पेणला मी त्यांना किती वेळा बोलावलं असेल! कधी एकाची शिफ्ट आडवी आली, कधी आमचा सीझन. गणपतीच्या आधीचे दोन महिने पेणचा माणूस स्वतःच्या लग्नालाही जायचा नाही, आणि यांना नेमकी तेव्हाच सुट्टी मिळायची. कपाळ माझं!

अखेर गेल्या माघात योग आला. आमच्या आळीत माघी गणपती बसतो. मंडळाच्या अध्यक्षाचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्याला डीजे पाहिजे होता. मी मीटिंगमध्ये भांडलो, पुढच्या मीटिंगमध्ये भांडलो, दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर भांडलो. शेवटी वैतागून तो म्हणाला, "आण बाबा तुझा बँड. पण लोक उठून गेले ना, तर परत या मंडळात तोंड उघडायचं नाय."

मी दादाला फोन केला. म्हटलं, "दादा, तू तुझंच वाजव. कुणाच्या बापाची फर्माईश घेऊ नको. आणि ते आपलं आखणीचं गाणं शेवटी ठेव."

"बघू रे," तो म्हणाला.

हे 'बघू रे' मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं. पण मी हवेत होतो.

कार्यक्रमाच्या दिवशी मी आणि मित्राने आणखी एक शहाणपणा केला. कारखान्यातल्या डोळे न केलेल्या सहा मूर्ती टेम्पोत घालून आणल्या आणि स्टेजवर मागे ओळीने मांडल्या. गाण्याला शोभा येईल म्हणून. अध्यक्षाने त्या बघितल्या आणि त्याचा पारा चढला. "अरे, अक्कल गहाण टाकलीस काय? समोर देव बसलाय, पूजा झालेला, आणि तू डोळे नसलेल्या मूर्ती मांडतोस? कारखानदार ना तू?" चार म्हाताऱ्या बायकाही त्याच्या बाजूने उभ्या राहिल्या. मी म्हटलं, गाणं ऐका, मग कळेल. तो म्हणाला, गाणं गेलं खड्ड्यात. ही सगळी हमरीतुमरी चालू असताना दादा आणि मंडळी टेम्पोतून सामान उतरवत होती. शेवटी मूर्तींवर चादरी टाकल्या आणि प्रकरण मिटलं.

आरती झाली. माणूस मावत नव्हता मांडवात. दादाने माइक हातात घेतला आणि सुरू केलं ते एक कोळीगीत. सगळ्या महाराष्ट्राला पाठ असलेलं, ज्याच्या नावाने तो जन्मभर नाक मुरडत आला, ते! मला वाटलं, थट्टा करतोय. आता मध्येच थांबेल आणि डासावर येईल. कुठलं काय! पूर्ण वाजवलं. लगेच दुसरं उचललं, मग तिसरं. सिनेमातली, हळदीतली, पोरांच्या मोबाइलवर असतात ती. आणि वाजवलं कसं, तर असलं झकास, की म्हाताऱ्याकोताऱ्यासुद्धा पदर खोचून उठल्या. एकाने स्टेजवर चढून दादाच्या खिशात नोट खोचली. दादाने हात जोडले आणि त्याची फर्माईश घेतली!

मित्र माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अरे, हा आपला बँड नाय."

मी पुढे घुसलो. दादाला खुणा केल्या, मागच्या चादरींकडे बोट दाखवलं. त्याने मला बघितलं. नक्की बघितलं. मग मान वळवली आणि पुढचं गाणं उचललं. आखणीचं गाणं झालंच नाही. त्यांचं स्वतःचं एकही गाणं झालं नाही.

अध्यक्षाने मला सगळ्यांसमोर मिठी मारली. "काय माणसं आणलीस रे! इतकी वर्षं कुठं लपवली होतीस?" ज्याला त्याला माझी पाठ थोपटायची होती. मला एकेकाला धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. अरे, मी हे ऐकवायला आणलं नव्हतं तुम्हाला!

सामान भरताना दादा घामाने निथळत माझ्याकडे आला. "काय रे, झाली ना माणसं खूश?"

"आणि आपलं गाणं?" मी विचारलं.

"कोण ऐकणार होतं या गर्दीत?"

मी पाठ फिरवली आणि निघालो. चहा विचारला नाही, नीट जा म्हटलं नाही. घरी येऊन बायकोपुढे अध्यक्षाला यथेच्छ शिव्या घातल्या. माझी खात्री होती की त्या मूर्तींच्या भांडणामुळेच दादा बिचकला आणि आयत्या वेळी त्याने सगळं बदललं. बायको म्हणाली, "बँड त्यांचा, गाणी त्यांची, आणि ताप तुम्हाला."

सकाळी अध्यक्ष कारखान्यावर हजर. पुढच्या माघाला हेच लोक पाहिजेत, आजच सांगून ठेव, आणि हीच गाणी, बरं का! तो गेल्यावर मी फोन उचलला. म्हटलं, आज दादाची चांगली कानउघाडणी करायची. कुणासाठी भांडलो मी जन्मभर? असल्या कोळीगीतांसाठी? काय काय बोलायचं ते जिभेवर तयार होतं.

फोन वहिनींनी घेतला. "हे झोपलेत अजून, भावजी. दमलेत हो. महिनाभर काय चाललं होतं घरात, काय सांगू तुम्हाला!"

"महिनाभर?" मी म्हटलं.

"मग! चौघंजण ओटीवर बसून ती मेली दुसऱ्यांची गाणी बसवीत होते. येत होती कुठं? चार चारदा चुकायची. मी म्हटलं, म्हातारपणी ही काय बुद्धी सुचली? तर हे म्हणतात, तो पेणचा येडा जन्मभर आपल्यापायी लोकांशी भांडत आलाय. त्याच्या गावात एक दिवस तरी त्याची मान खाली जायला नको."

जिभेवरचं सगळं तिथेच राहिलं.

"पण आले ते इतके खूश, भावजी! जेवायचं सुचेना. सारखं एकच, अगो, एक माणूस उठला नाय, लोक आपल्यासमोर नाचत होते. एवढी वर्षं झाली लग्नाला, असे कधी बघितले नाय मी त्यांना." मग त्यांचा आवाज खाली आला. "फक्त तुम्ही काय न बोलता निघून गेलात, तेवढं लागलंय त्यांना. उठल्या उठल्या पहिलं तेच विचारतील. आवडला ना तुम्हाला कार्यक्रम? काय सांगू त्यांना?"

दादाशी मी कधी खोटं बोललो नव्हतो. चाल फसली तर तोंडावर फसली म्हटलं, ढोलकी मागे पडली तर ढोलकीवाल्यालाही सुनावलं. आमचं सगळं नातंच तेवढ्यावर उभं होतं.

"वहिनी, दादाला सांगा, एक नंबर झाला," मी म्हटलं. "आणि पुढच्या माघालाही बोलावलंय म्हणावं. हेच सगळं वाजवायला."

"व्हय? थांबा, थांबा, उठवतेच त्यांना. तुमच्याच तोंडून ऐकू दे." आणि त्या आत हाक मारत गेल्या.

मी फोन कट केला. मग तो परत वाजेल म्हणून बंदच करून टाकला.