एकशे चारचा रिसीव्हर

गोंदियाजवळच्या फुलचूरला रत्नपालला कोणी रत्नपाल म्हणत नाही. 'बेलवाला' म्हणतात. त्याचं काम तसंच आहे. अपार्टमेंटच्या गेटवर बटणांची पाटी बसवायची आणि प्रत्येक घरात एक रिसीव्हर टांगायचा. पाहुण्यानं खाली बटण दाबलं की वर घंटी वाजते. वरचा माणूस रिसीव्हर उचलून 'कोण?' विचारतो. ओळख पटली की एक कळ दाबतो, खालचं कुलूप खटकन उघडतं. मधलं सगळं काम तारांचं. ते रत्नपालचं.

आयटीआय करून तो आधी टेलिफोनच्या खांबांवर चढला होता. मग मोबाइल आले. खांबांवरच्या तारा लोंबायला लागल्या, ठेकेदार शिडी उचलून घरी गेला. रत्नपालच्या हातात मात्र सवय राहिली. वीस जोड्यांची केबल सोलली की निळी-पांढरी, नारिंगी-पांढरी, हिरवी-पांढरी, बोटं आपोआप क्रम लावतात. गोंदियात इमारती उठू लागल्या तसं काम मिळत गेलं.

तो एकटाच काम करतो. त्यासाठी त्यानं आपली एक रीत बसवली आहे. वर रिसीव्हर उचलून फ्रिजवर ठेवायचा. शेजारी मोबाइलवर गाणं लावायचं. जिना उतरून गेटवर जायचं आणि पाटीला कान लावायचा. रिसीव्हर उचललेला असेपर्यंत त्या खोलीतलं सगळं खाली ऐकू येतं. गाणं आलं की ते घर जोडलं गेलं. खांबावरचे जुने लोक सांगायचे, लाइन उघडी असली की आपलं तोंड बंद. वीस वर्षं त्यानं ते पाळलं.

श्रीकुंजचं काम त्याला भूपेंद्र रहांगडालेनं दिलं. चार मजले, सोळा घरं. भूपेंद्र त्याचा आयटीआयपासूनचा मित्र, आता लहानसा ठेकेदार. पहिल्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी चैतरामजी गेटवर उभे होते. त्यांनी रत्नपालकडे पाहिलं आणि भूपेंद्रला विचारलं, "हे कोण?"

"माहा चुलतभाऊ, जी. रतन. हात लय साफ हाये त्याचा."

"अच्छा, रहांगडाले. चला, या."

जिन्यात रत्नपालनं त्याची बाही ओढली. "का बे? मी कवापासून तुहा चुलतभाऊ झालो?"

"जाऊ दे ना यार. रिसीव्हर किचनमधी लावाचे हायेत. सोळा किचन. नंदागवळी म्हटलं तं पुढचा सवाल कोणी विचारत नाई, फक्त काम लांबते. आज घरी पूजा हाये, उद्या या. परवा या. तुलेच तरास."

नंदागवळी म्हटलं की या भागात जात विचारावी लागत नाही. भूपेंद्रच्या मनात वाईट नव्हतं. रत्नपाललाही ते कळत होतं. तो हसला. पुढे त्याला सगळ्यात जास्त आठवत राहिलं ते हेच. भूपेंद्र बोलला, आणि तो हसला.

दहा दिवस गेले. सोळा किचनची दारं उघडी होती. कोणी पोहे दिले, कोणी ताक. तीनशे दोनमधल्या रेणूताई तर त्याला घरचाच समजू लागल्या. "रतनभाऊ, गाव कोणतं तुमचं?"

"बोदलकशाकडं, ताई." तिकडे त्याच्या आईचं माहेर होतं. मामा तळ्यात जाळं टाकायचे. म्हणजे हे खोटं नव्हतं. असं त्यानं स्वतःला सांगितलं.

"अरे, मग तुम्ही आमच्या तिरोड्याच्या बाजूचेच!"

त्याला बरं वाटलं. एवढं बरं वाटेल असं त्याला वाटलं नव्हतं. कोणाच्याही स्वयंपाकघरात चपला काढून सरळ आत जायचं, ओट्याजवळ उभं राहून ड्रिल लावायची, 'ताई, जरा डबे सरकवा' म्हणायचं. तो रोज थोडा मोठ्यानं बोलू लागला. चौथ्या दिवशी भूपेंद्रनं हाक मारली, "ए रहांगडाले!" आणि त्यानं चटकन वळून पाहिलं.

घरी त्यानं यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं ते कामाचं. त्याचे वडील केवळराम राईस मिलमध्ये हमाली करून म्हातारे झालेले. अक्षरओळख त्यांना विसाव्या वर्षी झाली, विहारातल्या वर्गात. तेव्हापासून दिसेल ते मोठ्यानं वाचायचे. दुकानाची पाटी, एसटीचा फलक, बिस्किटाचा पुडा. मग मोतीबिंदू आला आणि वाचणं बंद पडलं. नुकतंच ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा लावून ते अंगणात बसत आणि मुलाला विचारत, "सोळाही घरं एकाच पाटीवर? नावाईसकट?"

"हो, बाबा. नावं मीच छापली."

"मले वाचता येईन?"

"येईन ना."

अकराव्या दिवशी सकाळी तो तीनशे दोनमध्ये होता. रिसीव्हर भिंतीवर बसला. त्यानं तो उचलून फ्रिजवर ठेवला. आता गाणं लावायचं आणि खाली जायचं. तेवढ्यात रेणूताई कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या, "एकशे चार विकला, कळलं का तुम्हाला?"

"नाही, ताई."

"कोणी खोब्रागडे आहेत. मुलगा बँकेत आहे म्हणे. आपण काही मानत नाही हो. पण बिल्डिंगचं एक वातावरण असते ना. तुम्हीच सांगा."

तो गप्प राहू शकला असता. हातात स्क्रूड्रायव्हर होता, तोंडात दोन स्क्रू धरले होते. गप्प राहायला याहून चांगलं कारण नव्हतं. त्यानं स्क्रू तोंडातून काढले.

"बरोबर आहे, ताई. आजकाल कोण कुठं घुसेल, भरवसा नाही."

"आता त्यांच्याकडेही रिसीव्हर लावायला जाणार तुम्ही. जाल तेव्हा पाणी-बिणी..." त्या हसल्या.

"पितो कायले? आपली बाटली आहे ना सोबत."

दोघंही हसले. मग तो म्हणाला, "ताई, इथं थोडं हॅलो-हॅलो करत राहा. मी खाली ऐकून येतो." आणि जिना उतरला.

गेटवर केवळराम उभे होते. काळा चष्मा, धुतलेला सदरा, हातात डोळ्यांच्या थेंबांची पिशवी. पाटीवरच्या नावांवरून त्यांचं बोट सरकत होतं. पाटीतून रेणूताईंचा आवाज येत होता.

"हॅलो, हॅलो... रतनभाऊ, ऐकू येऊन राहिलं का?"

रत्नपाल शेवटच्या पायरीवरच थांबला.

"तुले बोलावून राहिली," केवळराम म्हणाले.

"बाबा, तुम्ही कवा आले?"

"झाले धा मिनटं. दवाखान्यातून येत होतो. म्हटलं तुहं काम पाहून घेऊ." त्यांनी बोट पाटीवरून काढलं. "आवाज साफ येते गा. जसा काही बाजूलेच उभा हायेस."

रत्नपालला काही तरी बोलायचं होतं. 'वर चला' म्हणायचं होतं. पण त्याआधी त्यानं मान वळवून जिन्याकडे पाहिलं, कोणी येत तर नाही ना म्हणून. ते केवळरामांनी पाहिलं. ऑपरेशन झाल्यापासून त्यांना सगळं स्पष्ट दिसत होतं.

"मी जातो," ते म्हणाले. "डोळ्यात थेंब टाकाचे हायेत." आणि रस्त्यावर जाऊन ऑटोला हात दाखवला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा केवळराम अंगणात शेजारच्या उदारामला सांगत होते, "सोळा घरं गा! येथं उभं राहा, तिकडं तिसऱ्या माळ्यावर भाजी निवडून राहिले तरी समजते. पोरानं केलं ते."

अल्कानं, रत्नपालच्या बायकोनं, आतून विचारलं, "बाबाले वर नेलं का मंग?"

रत्नपाल बूट काढत होता. तो बूटच काढत राहिला.

"मीच नाई म्हटलं, बाई," केवळराम म्हणाले. "पायऱ्या लय होत्या."

त्या रात्री त्यानं भात चिवडला आणि उठला. वडील ओरडले असते तर बरं झालं असतं. या माणसानं आयुष्यभर कोणासमोर आपलं नाव बारीक आवाजात घेतलं नव्हतं. मिलच्या मालकासमोरसुद्धा 'केवळराम नंदागवळी' असं पूर्ण सांगायचा. आणि आज तो मुलासाठी पायऱ्यांचं निमित्त सांगत होता.

सकाळी रत्नपाल त्यांच्याजवळ जाऊन बसला. केवळराम पेपर वाचत होते, मोठ्यानं.

"बाबा, काल ते..."

वाचणं थांबलं. "एकशे चारचं लागलं का?"

"नाई. आज लावतो."

"मंग जाय."

"बाबा, मी तुम्हाले सांगतो ना..."

"मले कायले सांगतोस? मी ऐकलं. ज्याईच्याबद्दल बोलला त्याईले सांग." आणि ते पुन्हा वाचू लागले. हवामानाची बातमी होती. ती त्यांनी शेवटपर्यंत वाचली.

श्रीकुंजला पोहोचल्यावर तो आधी एकशे चारला गेला नाही. तीनशे दोनला गेला. वडिलांनी सांगितलं होतं ते हे नव्हतं, पण हे त्यातल्या त्यात सोपं होतं. रेणूताईंनी दार उघडलं. त्यानं दारातच सांगितलं, "ताई, मी रहांगडाले नाही. रत्नपाल नंदागवळी नाव आहे माझं."

रेणूताईंना अर्थ लागायला क्षणभर लागला. मग त्यांचे कान लाल झाले.

"आधी सांगायचं ना," त्या म्हणाल्या. "मी बोललेच नसते."

"हो, ताई."

"मी काही वाईट अर्थानं नव्हतं म्हटलं. आणि तुम्ही पण तर..."

"हो, ताई. मी पण."

त्यांनी मागे वळून किचनकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "रिसीव्हर चांगला चालून राहिला." तो बरं म्हणाला आणि खाली निघाला. भूपेंद्रला फोन करून सांगावं लागेल. चैतरामजी काय म्हणतील ते म्हणतील. जिना उतरताना त्याला हलकं वाटत होतं. झालं एकदाचं, असं वाटत होतं. पहिल्या मजल्यापर्यंत ते टिकलं.

एकशे चारचं दार धुरपताबाईंनी उघडलं. साठी उलटलेली बाई, बिडी वळून वळून वाकडी झालेली बोटं. घरात अजून खोकी होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो मात्र आधीच लागलेला होता, खाली ताजी फुलं.

"या बाबू. बेलवाले ना? कालपासून वाट पाहून राहिली मी." त्यांनी पाण्याचा पेला आणून खोक्यावर ठेवला. "नाव काय तुमचं?"

"रत्नपाल. रत्नपाल नंदागवळी."

धुरपताबाईंचा चेहरा उजळला. "अवं माय! आपलेच का? जयभीम बाबू! मी इवेकले म्हणत होती, माह्या पोराले, का तेथं आपलं कोणी नाई, कसं होईन. तो म्हणते, आई, आता तसं नाई राहिलं. लोक कसे हायेत गा येथचे? तू तं सगळ्याईच्या घरात जाऊन आला."

रत्नपालनं ड्रिल खाली ठेवली.

"आई, मी येथं दुसरं आडनाव सांगून काम केलं. काल एका घरी तुमचं नाव निघालं. तं मी म्हटलं, आजकाल कोण कुठं घुसेल, भरवसा नाई. आणि तुमच्या घरी पाणी पिणार नाई म्हटलं."

धुरपताबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. रागावल्या असं दिसत नव्हतं. चालताना मधेच बसायला जागा शोधतात तसं त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि एका खोक्यावर टेकल्या.

"कोणत्या घरी?"

तो पिशवीतून स्क्रू मोजून काढू लागला.

"राहू दे. नोको सांगू." मग त्या म्हणाल्या, "हे मले सांगाले कोणी म्हटलं होतं तुले?"

"बाबानं."

"तुह्या बाबाचं बरोबर हाये. तुह्या मनावरचं उतरलं. आता मले रोज या पायऱ्या चढाच्या हायेत. भेटन त्या बाईचं तोंड पाहीन नं म्हणीन, हे का ते?"

रत्नपालला हे सुचलंच नव्हतं. काल रात्रीपासून तो फक्त स्वतःचाच विचार करत होता. वडिलांच्या नजरेचा, आपल्या तोंडाचा. या बाईला आज सकाळपर्यंत काहीच ठाऊक नव्हतं. ती सकाळी फुलं वाहून, पाणी भरून, बेलवाल्याची वाट पाहत बसली होती.

"आई, चुकलं माझं."

"चुकलंच." त्या उठल्या. पाण्याच्या पेल्याकडे त्यांनी पाहिलं. उचलला नाही, पी असंही म्हटलं नाही. "इवेक संध्याकाळी येईन. त्याले बोलू नोको यातलं. लय हौसेनं घेतलं त्यानं हे घर."

त्यानं मान हलवली.

"कुठं लावतोस ते?"

"किचनमधी, दाराजवळ."

"लाव."

त्यानं पेन्सिलीनं तीन खुणा केल्या आणि ड्रिल लावली. नव्या रंगाची भिंत. पांढरी धूळ सरळ खाली ओघळू लागली. धुरपताबाई फडकं घेऊन आल्या आणि त्याच्या पायाशी बसून फरशी पुसू लागल्या.

"राहू द्या आई, मी पुसतो."

"तू तुहं काम कर," त्या म्हणाल्या, वर न पाहता.