तात्यांच्या पायाखालचा पत्रा

बायकोलाही हे कधी सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडायचो, आणि पाणी मागायचो. आज तुमच्यापुढं बोलतोय — कसं जमेल, ठाऊक नाही.

सांगलीतल्या एका मोटार गॅरेजात मी पत्र्याचं आणि रंगाचं काम करायचो. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. माझ्या हातच्या काळ्या रंगाचं नाव होतं. लोक गाडीच्या दारात बघून भांग पाडायचे. त्या नावाची मला फार चटक होती — हे आधीच सांगून ठेवतो.

पण हे काम माझ्या हाताला लावलं कुणी? तात्यांनी. माझे आईबाप पटकीत गेले तेव्हा तात्या, माधवनगरच्या गिरणीत कामाला असलेले आमचे शेजारी, मला आपल्या घरी घेऊन गेले. त्यांचा धाकटा भाऊ दौलू आणि मी एका ताटात वाढलो. तात्यांच्या बायकोनं, वहिनींनी, आमच्या भाकरीवरच्या लोण्यात कधी फरक केला नाही.

दौलू पलटणीत मोटार शिकून परतला. साताऱ्याला त्यानं एक जुनी गाडी घेतली, सातारा ते रहिमतपूर उतारू वाहायला. ती गाडी त्यानं माझ्याकडं आणली.

"शंकर, दाराखालची पायरी गंजानं आतनं खाल्लीया बघ. दिस लागू दे, पर पक्कं कर गड्या. मानसं हुबी ऱ्हात्यात तिच्यावर."

मी पेचकस टोचून पाहिला. आरपार गेला. असल्या गंजावर उपाय एकच — सडलेला भाग कापून टाकायचा, कडा पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासायच्या, आणि नवा पत्रा जोडायचा. पत्रा तेव्हा मिळत नव्हता, असं मी सांगू शकतो. खोटंही नाही ते. पण माळ्यावर एक तुकडा होता. एका बड्या गिऱ्हाइकाच्या गाडीसाठी मी तो राखून ठेवला होता, त्याची शाबासकी हवी होती म्हणून. दौलू काय — घरचाच ना? घरच्याला कसंही चालतं, असंच वाटलं ना मला?

मी वरवरचा गंज खरवडला. भोकात आतून गोणपाट कोंबलं, वरून लांबी — भोकं बुजवायचा लगदा — भरली, घासून गुळगुळीत केली, आणि रंग दिला. असा रंग दिला की दौलूनं मला मिठीच मारली.

पहिल्या फेरीला तात्यांना साताऱ्यापर्यंत न्यायचं ठरलं. माधवनगरला त्यांच्या दारात गाडी उभी होती. वहिनींनी गाडीला कुंकू लावलं. तात्या पायरीवर चढले, तेवढ्यात दौलूनं गाडी सोडली. गचका बसला — तसा बारीकच — आणि तात्यांचा पाय पायरीतून खाली गेला.

"आवं, दमानं चढायचं की!" वहिनी ओरडल्या. तात्या हसतच होते. पोटरी फाटली होती, रक्त फार नव्हतं. पाय सोडवायला मी वाकलो. फाटलेल्या कडेवर माझा रंग चमकत होता, आणि त्याखाली लाल भुगा. तो मी एकट्यानंच पाहिला. कुणाला दिसू नये म्हणून वर गोणपाट टाकलं. गचक्यानं जोड सुटला, असंच सगळ्यांना वाटलं.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जखम धुतली आणि विचारलं, "कशानं कापलं? लोखंड गंजलेलं होतं का?"

दौलूनं माझ्याकडं बघितलं. "पत्र्यातलं ह्येला कळतंय. शंकर, सांग की."

आणि बाकावरून तात्या म्हणाले — त्यांच्या आवाजात कौतुक होतं हो — "ह्येच्याच हातचं काम हाय, डाक्टर."

मी म्हणालो, "नवा पत्रा होता. स्वच्छ."

"मग धनुर्वाताची सुई नको. आहेत त्या थोड्याच आहेत," डॉक्टर म्हणाले.

एवढंच. फाटकाशी आल्यावर मी थांबलो होतो. परत आत जायला कितीसा वेळ लागला असता? पण दौलूला कळलं असतं. तात्यांना कळलं असतं. मी टांग्यात चढलो.

आठवडा गेला, आणि तात्यांना भाकरी चावेना. मग दात बसले. परत दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली. उजेड सोसेना म्हणून खोलीला पडदे लावले. भांडं वाजलं तरी त्यांचं अंग धनुष्यासारखं वाकायचं. आम्ही अनवाणी वावरायचो. मी त्यांचे पाय धरून बसलो होतो. तोंड उघडत नव्हतं, तरी दातांतल्या दातांत ते मला म्हणाले, "जेवलास का रं?"

दुसऱ्या दिवशी ते गेले.

दौलूनं गाडी विकली. पुन्हा चाकाला हात लावला नाही. तात्यांच्या जागी गिरणीत लागला, वहिनींना सांभाळलं, लग्नही केलं नाही. बसल्या बसल्या मधेच म्हणायचा, "मी जरा दमानं सोडाय पायजे हुती रं." आणि मी? मी त्याच्या पाठीवरून हात फिरवायचो. म्हणायचो, तुझा दोष नव्हे, नशीब. लोक म्हणायचे, शंकर सख्ख्या भावापेक्षा जवळचा.

वहिनी गेल्या. मागच्या थंडीत दौलूही गेला. शेवटी शेवटी त्याची शुद्ध हरपत होती. माझा हात घट्ट धरून त्यानं विचारलं, "तात्या मला माफ करतील का रं?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. तेव्हा तरी सांगता आलं असतं. त्याला एकदा मोकळा श्वास घेता आला असता.

मी म्हणालो, "करतील."

तेवढं ऐकून त्यानं डोळे मिटले.