केळकर, जरा झाडाखाली

आमच्या रविवारच्या ग्रुपनं इतक्या वर्षांत, एखादा अपवाद सोडला तर, झाडाचा धड फोटो काढलेला नाही, पण किस्से मात्र ढीगभर जमवलेत. फोटो निदान डिलीट तरी करता येतात. किस्से कुणी चहाला बसलं की पुन्हा वर येतात, आणि दर वेळी थोडे फुगून येतात. आता मी सांगतेय त्यात माझी भर किती, ते विचारू नका. मी बँकेत कम्प्लायन्सला, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघायला आहे. आठवडाभर खरं तेच बोलावं लागतं.

*

सुरुवात आपटेकाकांपासून. काका इथं सिंगापूरला, तुआसच्या बंदरात जहाजांच्या कामावर इंजिनिअर होते, आता रिटायर्ड. मुलीकडे कॅलिफोर्नियाला गेले, तिथं जंगलातल्या रस्त्याकडेचे रेडवुडचे वृक्ष बघितले आणि येडे होऊन परत आले. आम्हा सगळ्यांना घरी बोलावून टीव्हीवर फोटो दाखवले. पहिला फोटो बुंध्याचा. दुसरा बुंध्याचा. पुढचे सगळेही बुंध्याचेच, कारण झाड एवढं प्रचंड की कॅमेऱ्यात त्याहून जास्त मावेचना. काका भारावून सांगत होते, हे आपल्या कॉन्डोच्या बिल्डिंगपेक्षा उंच आहे बरं का! आम्हाला दिसत होती नुसती तपकिरी साल. दारातल्या शेवग्याची आहे म्हणाले असते तरी आम्ही माना डोलावल्या असत्या.

काकू पोह्यांच्या डिशेस गोळा करत होत्या. त्या म्हणाल्या, "एवढं विमानात अंग आखडून गेलो, ते भिंत बघायला."

काका दुखावले, पण चूक त्यांना समजली. फोटोत झाडाशेजारी माणूस नव्हता, त्यामुळे झाडाच्या आकाराचा अंदाजच येत नव्हता. तिथल्या तिथं ठरलं की पुन्हा अमेरिकेला जाईपर्यंत इथल्या मोठ्या झाडांवर सराव करायचा. दर रविवारी, सगळ्यांनी मिळून. सगळ्यांना कशाला, हे कुणी विचारलं नाही. पोहे खाल्ले होते ना.

*

पहिल्या रविवारचा मेसेज माझ्या नवऱ्यानं टाकला. शेखरला टाकलेला मेसेज पुन्हा वाचायची सवय नाही. जायचं होतं मंडाई रोडला. तिथं रस्त्याच्या कडेनं जंगल आहे आणि एकेक रेन ट्री असा की खाली अख्खं लग्न लागेल. शेखरच्या फोननं मंडाईची मंडई केली. "रविवारी सकाळी सात, मंडई, सगळ्यांनी यायचं."

काकू शनिवार पेठेतल्या. त्या दोन कापडी पिशव्या घेऊन बसस्टॉपवर सगळ्यांच्या आधी हजर. लिटिल इंडियाच्या पलीकडे कुणीतरी स्वस्त भाजी शोधून काढली, असा त्यांचा समज. बसमधून उतरल्यावर त्यांनी डावीकडे बघितलं, जंगल. उजवीकडे बघितलं, जंगल.

"भाजी कुठंय?"

काका म्हणाले, "ही काय. सगळी हिरवीच आहे."

त्या दिवसापासून काकू रविवारी घरी झोपतात, आणि आमच्यात तेवढ्याच एक शहाण्या आहेत असं माझं स्पष्ट मत आहे.

*

आता केळकर. सदानंद केळकर, अकाउंटंट, क्वीन्सटाउनला राहतात. स्वभावानं गरीब आणि उंचीनं बेताचे. कॅमेरा त्यांनीही आमच्याबरोबरच घेतला, चांगला भारीतला. पण पहिल्याच दिवशी काकांनी त्यांना नजरेनं मापलं आणि म्हणाले, "केळकर, जरा झाडाखाली उभे राहा."

केळकर उभे राहिले. काकांनी फोटो बघितला आणि अगदी हरखले. सहा फुटी शेखर उभा राहिला तर झाड झाडाएवढंच दिसायचं. केळकरांशेजारी तेच झाड दोन मजले वाढायचं! तेव्हापासून केळकर कायमचे झाडाखाली. आमच्याकडे त्यांचे शेकडो फोटो आहेत, सगळ्यांत ते ताठ उभे आहेत आणि गळ्यात कॅमेरा आहे. त्याच्या लेन्सचं झाकण लावलेलं.

त्यांच्या मुलीनं एकदा विचारलं, "पापा, यू ऑल्सो टेक फोटो, कॅन ऑर नॉट?"

केळकर म्हणाले, "कॅन, कॅन. नेक्स्ट वीक."

*

एकदा काकांना खालून वर असा अँगल हवा होता. म्हणून ते रस्त्याकडेच्या गवतात चक्क उताणे झोपले. केळकर त्यांच्या डोक्याशी. हलायचं नाही अशी ताकीद असल्यामुळे ते मान खाली घालून, हात पुढे जुळवून उभे होते. मी आणि शेखर जरा लांब, गप्प.

पळायला आलेली एक चिनी बाई थांबली. तिनं काकांकडे बघितलं, केळकरांकडे बघितलं, कानातले इअरफोन काढले आणि हळूच त्यांच्या शेजारी मान खाली घालून उभी राहिली.

तेवढ्यात काका जमिनीवरून म्हणाले, "केळकर, हिला बाजूला व्हायला सांगा, हिच्यामुळे झाड बुटकं दिसतंय."

बाई जी पळाली, ती आजतागायत त्या रस्त्याला दिसलेली नाही.

*

गणपतीत आमच्या मंडळींनी हॉलमध्ये फोटोंचं प्रदर्शन भरवलं. काकांनी मोठी प्रिंट काढली, खाली सुरेख अक्षरात लिहिलं, "महावृक्ष". लोक यायचे, थबकायचे आणि म्हणायचे, अरे, हे तर केळकर! झाडाकडे कुणी ढुंकून बघेना. ठाण्याहून आलेल्या एका आजींनी तर विचारलं की हे गृहस्थ जागा बघायला गेलेत का.

काका घरी येईपर्यंत धुमसत होते. पुढच्या रविवारी केळकरांना हिरवा टीशर्ट घालून यायला सांगितलं. तर ते झुडपात असे मिसळले की फोटोत सापडेचनात, आणि पुन्हा नुसती भिंत. मग काकांनी त्यांना नियमच घालून दिला. "माणूस दिसला पाहिजे, पण लक्षात येता कामा नये."

केळकर म्हणाले, "एवढं मी ऑफिसात रोज करतो."

आम्ही पोट धरून हसलो. केळकरही हसले, पण जरा उशिरा.

*

केळकरांची आई वाईला एकटी असते. आमचे फोटो केळकर दर रविवारी आईला पाठवायचे. शेजारची सून फोन उघडून द्यायची आणि आई एकेक फोटो बघायची. पहिल्याच फोटोवर आईनं आमच्या सगळ्या उत्साहावर पाणी ओतलं होतं. "अरे, हे तर आपल्या एसटी स्टँडसमोरचं झाड. ते बघायला सिंगापूरला कशाला जायचं?"

खरंच होतं ते. रेन ट्री आपल्याकडे गल्लोगल्ली. तसा तो मूळचा आपलाही नाही आणि इथलाही नाही, दक्षिण अमेरिकेचा. शेखर म्हणतो, याला पीआर पटकन मिळाला असणार. केळकरांसमोर म्हणत नाही, कारण इथं कायम राहायच्या परवानगीचा त्यांचा अर्ज दर वेळी परत येतो.

मग एका रविवारी आईनं विचारलं, "सदा, सगळ्या फोटोंत तूच आहेस. मग तू काढलेला कुठला?"

केळकरांनी हे आम्हाला बसमध्ये सांगितलं. हसत हसत सांगायला गेले आणि मध्येच खिडकीबाहेर बघायला लागले. एवढा भारी कॅमेरा घेतल्याचं त्यांनी आईला कौतुकानं सांगितलं होतं. आता म्हातारीला दाखवायला स्वतःचा एक फोटो नव्हता. पुढच्या रविवारी पाठवतो, असं तिला कबूल करून बसले. पुढच्या रविवारी ऊन छान पडलं, काका म्हणाले, "केळकर, जरा," आणि केळकर गेले झाडाखाली. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मला इतका संताप आला ना! काकांचा नाही, केळकरांचा. अहो, नाही म्हणायला काय जातं माणसाचं?

*

आणि मग त्यांनी म्हटलं.

काका नेहमीसारखे हात करून खुणावत होते, आणि केळकर जागचे हलले नाहीत. म्हणाले, "आज मी काढणार."

काकांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "ठीक आहे, पण झाडाखाली माणूस?"

"तुम्ही."

आपटेकाका शेखरपेक्षाही उंच. पण केळकरांचा आवाज असा होता की ते निमूट जाऊन उभे राहिले. केळकरांनी झाकण काढून खिशात टाकलं. काकांना मागे नेलं, पुढे आणलं, मान खाली घालायला लावली, हसू नका म्हणून सांगितलं. ढग आला तर ऊन येईपर्यंत थांबवलं. काकांना मुंग्या चावत होत्या. हलायचं नाही म्हणाले. मग एकच फोटो काढला.

खरं सांगते, आमच्यापैकी कुणालाच तसा जमलेला नाही. मुळापासून शेंड्यापर्यंत अख्खं झाड, रस्त्यावर झुकलेलं, पानांतून उतरलेलं ऊन, आणि खाली ओशाळलेले आपटेकाका. काकांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले की माझ्या रेडवुडचाही असाच यायला हवा होता.

केळकरांनी तिथंच आईला पाठवला. खाली लिहिलं, "हा मी काढला." मग आम्ही हॉकर सेंटरला कॉफी प्यायला बसलो. केळकरांनी फोन मधोमध टेबलावर ठेवला होता आणि कॉफीला हात लावला नव्हता. थोड्या वेळानं वाईहून आवाजातला मेसेज आला. सगळ्यांना ऐकू यावा म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"सदा, झाड सुरेख आलंय हो. पण तू दिसत नाहीस त्यात. बरा आहेस ना रे?"