आठ बोटं आणि एक एडिटर

आमच्या साडूंनी एकदा मनावर घेतलं की प्रत्यक्ष ब्रह्मदेव समजूत घालायला आला, तरी त्यालाच चहा पाजून, चार गोष्टी ऐकवून परत पाठवतील. गेल्या वर्षी त्यांनी मनावर घेतला तो एक एडिटर. साडू मूळचे दिघीचे, चाकणच्या एका कंपनीत वीस वर्षं पत्रे दाबायच्या प्रेसवर. त्या प्रेसने त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. कंपनीने दोन वाटा ठेवल्या: गेटवर बसून ट्रकचे नंबर लिहायचे, नाहीतर तीन महिन्यांत कॉम्प्युटर शिकून मशीनचे प्रोग्रॅम दुरुस्त करायचे. "गेटवर बसायला आमी काय म्हातारं झालोय व्हय?" असं म्हणून पुढच्या रविवारी सकाळी सातला, माझ्या लॅपटॉपसाठी, संत तुकाराम नगरात माझ्या दारात हजर! मी अजून दात घासत होतो.

कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायचा तो एडिटरही त्यांच्यासारखाच आडमुठा. काळा पडदा, मेनू नाही, माउसचं नाव नाही. एकेक अक्षर म्हणजे एकेक हुकूम. मला बघूनच घाम फुटला. साडू मात्र खूश. माउस दाबायची बोटंच गेलेली, त्यामुळे माउस नसणं त्यांच्या पथ्यावरच पडलं. उरलेल्या आठ बोटांना त्यांनी ड्यूट्या वाटून दिल्या आणि मग जे सुरू झालं ते विचारू नका. बसमध्ये मांडीवर सराव. शेजारच्याला वाटायचं, गृहस्थ तबला शिकतायत. घरी पोळपाटावर खडूने कळा काढल्या आणि मेहुणीने न बघता त्यावरच पोळ्या लाटल्या. पोळ्यांचं दुःख नाही, "माझा कीबोर्ड पुसला!" म्हणून दिवसभर अबोला. एडिटरमध्ये खाली जायला जे, उजवीकडे जायला एल. चिंचवड स्टेशनबाहेर एकाने दवाखाना कुठे विचारलं, तर म्हणाले, "चार जे, मग दोन एल." तो बिचारा हात जोडून पानवाल्याकडे गेला.

एक कळ मात्र ते शिकले नाहीत. यू. चूक मागे घेणारी. शहाणा माणूस पहिली शिकतो ती. कंपनीच्या परीक्षेच्या आदल्या रविवारी सराव करताना त्यांनी माझं सोसायटीचं अख्खं पत्र दोन-तीन कळांत उडवलं.

"अहो, यू दाबा, यू!" मी किंचाळलो.

"न्हाई."

"अहो, माझं पत्र आहे ते!"

"लिवतो की परत. समदं ध्यानात हाय."

आणि आठ बोटांनी तासभर बसून, पाण्याच्या टाकीच्या तक्रारीसकट, शब्द न् शब्द परत लिहिला. तेवढ्या वेळात मी रागारागाने दोनदा चहा प्यालो.

परीक्षा झाली. साहेबांनी दिलेला प्रोग्रॅम त्यांनी एकही चूक न करता दुरुस्त केला. खुर्ची मिळाली. पेढे घेऊन आले तेव्हा मी चिडवलं, "आता तरी यू शिका, राव!"

ते हसले नाहीत. "मागं घेता येतं असं एकदा मनात बसलं ना, की हात बेफिकीर व्हतो," ते म्हणाले. "प्रेसची दोन बटणं दोन हातांनी दाबल्याबिगर ती चालत न्हाई, मंजी हात आत सापडत न्हाई. एका बटणाला चिकटपट्टी मीच लावली व्हती. एक हात मोकळा ऱ्हावा, नग जास्त निघावेत म्हणून."

पेढा हातातच राहिला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

आता ते कंपनीजवळ राहायला गेलेत; रविवारी सातला बेल वाजत नाही. मी अजूनही दिवसातून दहादा चुका मागे घेतो. फक्त हल्ली ती कळ दाबण्याआधी बोट जरा थांबतं.